टायमरचा आकडा वाढवण्याआधी

टायमरचा बग समोर आला की बहुतेकांचा हात आधी आकड्याकडे जातो. पाचशे मिलिसेकंदांची मुदत पुरत नाही असं वाटलं की ती हजार करायची, हजारानं भागलं नाही तर दोन हजार. चाचणी पास होते, तिकीट बंद होतं आणि काही महिन्यांनी तोच बग दुसऱ्या बोर्डावर दुसऱ्या नावानं परत येतो. लिनक्स कर्नलमध्ये, विशेषतः ड्रायव्हरमध्ये, काम करणाऱ्यांसाठी आणि करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यातली मुख्य सूचना आत्ताच सांगून टाकतो : जुना आकडा का चुकला हे कागदावर गणित करून दाखवता येत नाही, तोवर त्याला हात लावू नका. कर्नलचा टायमर स्वतः क्वचित चुकतो. चुकतं ते आपण त्याला दिलेलं माप, त्याला विचारलेला प्रश्न, नाहीतर त्याच्या हवाली केलेल्या मेमरीचं आयुष्य.

सी भाषा आणि कर्नल बांधण्याची जुजबी ओळख मी गृहीत धरतो आहे. फंक्शनांची नावं देवनागरीत दिली आहेत. ज्यांनी कोड उघडला आहे त्यांना ती लगेच ओळखू येतील.

एक सेन्सर, दोन तक्रारी

समजा, आयटूसी बसवर तापमानाचा एक सेन्सर आहे. ड्रायव्हरनं दर अर्ध्या सेकंदाला त्याचं वाचन घ्यायचं आहे. रचना नेहमीचीच. टायमर वाजला की त्याचा कॉलबॅक वर्कक्यूवर एक काम टाकतो, ते काम सेन्सर वाचतं आणि कॉलबॅक जाता जाता टायमर पुन्हा पाचशे मिलिसेकंदांसाठी लावतो. तक्रारी दोन आल्या आहेत. ३२-बिट एआरएम बोर्डावर बूट झाल्यावर जवळपास पाच मिनिटं एकही वाचन येत नाही आणि मग वाचनांचा पूर येतो. त्याच ड्रायव्हरची ६४-बिट मशीनवरची तक्रार मात्र पहिल्या क्षणापासून पुराची आहे.

इथे बरेच जण सेन्सरच्या डेटाशीटकडे वळतात, ‘सेन्सर गरम व्हायला वेळ लागत असेल’ म्हणतात आणि सुरुवातीला थोडी झोप घालतात. तसं करू नका. आधी तक्रारीची जात ठरवा. टायमर लवकर वाजतो, उशिरा वाजतो, वाजतच नाही, की वाजायला नको तेव्हा वाजतो? या चारांपैकी नेमकं काय घडतंय हे समजलं की निम्मं काम झालं, आणि ते समजायला कोडमध्ये एकही ओळ घालावी लागत नाही. कर्नलच्या ट्रेसिंगमध्ये टायमरच्या घटना नोंदवण्याची सोय आधीपासूनच असते. डिबग्‌एफएस किंवा ट्रेसएफएस माउंट करा, टायमर गटातल्या ‘टायमर_स्टार्ट’ आणि ‘टायमर_एक्स्पायर_एंट्री’ या दोन घटना चालू करा आणि आपल्या कॉलबॅकच्या नावानं गाळून बघा. प्रिंट_के पेरून शोधायची सवय असेल तर ती इथे मोडा. सीरियल कन्सोलवर एक ओळ छापायला लागणारा वेळच कित्येकदा बगला झाकून टाकतो. छापायचंच असेल तर ट्रेस_प्रिंट_के वापरा. ते बफरमध्ये लिहितं आणि कन्सोलला शिवत नाही.

टायमर_स्टार्टच्या नोंदीत मुदतीचा आकडा आणि आत्तापासून तिच्यापर्यंत उरलेले ठोके दोन्ही असतात. आपल्या बोर्डाचा एचझेड २५०, म्हणजे सेकंदाला २५० ठोके. पाचशे मिलिसेकंदांचे १२५ ठोके व्हायला हवेत. बूटनंतर १० सेकंदांनी ड्रायव्हर लोड झाला, तर ३२-बिट बोर्डाच्या ट्रेसमध्ये उरलेले ठोके दिसतील ७२,६२५. ६४-बिट मशीनवर तोच आकडा उणे ४२९ कोटींच्या आसपास. आता डेटाशीट मिटून ठेवायला हरकत नाही.

कोडमधली ओळ अशी निघते : मॉड_टायमरला मुदत म्हणून एमसेक्स_टू_जिफीज(५००) दिलं आहे, नुसतंच. मॉड_टायमरला ‘आत्तापासून किती’ नको असतं. त्याला ‘कधी’ हवं असतं. त्या मापात जिफीजची आत्ताची किंमत मिळवायची राहून गेली आहे. हा घोळ इतका सर्रास होतो, कारण शेजारचीच फंक्शनं उलट वागतात. शेड्यूल_डिलेड_वर्क आणि शेड्यूल_टाइमआउट यांना नुसता अवधी लागतो. एका फाइलमध्ये दोन्ही प्रकार वापरले असतील तर रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोळ्यालाही चूक दिसत नाही. कंपायलरकडून अपेक्षाच नको. मॉड_टायमर काय आणि शेड्यूल_डिलेड_वर्क काय, दोन्हीकडे प्रकार एकच, अनसाइन्ड लाँग.

पण मग पाच मिनिटं कुठून आली? जिफीज हा बूटपासूनच्या ठोक्यांचा गणक असला तरी तो शून्यापासून सुरू होत नाही. ३२-बिट गणक भरून पुन्हा शून्यावर येण्याला काही महिने लागतात आणि तेवढा वेळ कोणी चाचणी चालवत नाही. म्हणून कर्नलकारांनी २.६ च्या मालिकेपासून त्याची सुरुवातच उणे ३०० सेकंदांवर ठेवली, जेणेकरून प्रत्येक मशीनवर, प्रत्येक बूटनंतर पाच मिनिटांनी गणक उलटावा आणि चुका लवकर उघड्या पडाव्यात. मला ही युक्ती फार आवडते. हजारो मशीनवर फुकटात चाललेली ही चाचणी आहे. आपल्या बोर्डावर जिफीज उणे ७५,००० पासून निघाला. १२५ हा आकडा त्याला ७५,१२५ ठोके दूर, म्हणजे बूटपासून ३०० सेकंद आणि वर अर्धा सेकंद. तेव्हा टायमर पहिल्यांदा वाजला आणि कॉलबॅकनं त्याला पुन्हा १२५ वरच लावला. ती वेळ तर आता होऊन गेलेली. त्यामुळे तो पुढच्याच ठोक्याला वाजला आणि मग दर ठोक्याला वाजतच राहिला : सेकंदाला दोनदाऐवजी २५० वेळा. ६४-बिट मशीनवर सुरुवातीची किंमत ६४ बिटांतली उणे नसते. ती ३२-बिट कमाल मर्यादेच्या जरा अलीकडची, म्हणजे चार अब्जांच्या घरातली असते. तिथे १२५ हा आकडा पहिल्यापासूनच भूतकाळ, म्हणून पूर पहिल्यापासून.

गंमत इथेच संपत नाही. ३२-बिट बोर्ड तसाच चालू ठेवला तर २ चा ३१ वा घात इतके ठोके झाल्यावर, म्हणजे एचझेड २५० असताना साधारण ९९ दिवसांनी, तोच १२५ पुन्हा ‘भविष्यात’ जातो आणि सेन्सर आठवडेच्या आठवडे गप्प बसतो. सुरुवातीला झोप घातली असती तर यातलं काहीच दुरुस्त झालं नसतं.

दुरुस्ती एका ओळीची : त्या मापात जिफीज मिळवा. हा एक पॅच, आणि तो एकटाच पाठवा. मग दुसऱ्या पॅचमध्ये थोडं मागे सरून बघा, की इथे टायमर हवाच होता का? टायमरचा कॉलबॅक सॉफ्टआयआरक्यूमध्ये चालतो. तिथे झोपता येत नाही, म्युटेक्स घेता येत नाही, आयटूसीचं वाचनही करता येत नाही, म्हणूनच तर वर्कक्यूचा वळसा घ्यावा लागला. डिलेड वर्क वापरलं तर टायमर आणि काम एकाच वस्तूत येतात, मुदत नुसत्या अवधीत देता येते आणि ड्रायव्हर काढताना एकच गोष्ट थांबवावी लागते. पण ही पुनर्रचना पहिल्या पॅचमध्ये मिसळू नका. जुन्या स्थिर कर्नलवर नेण्यासारखा पॅच एका ओळीचाच असतो.

उशीर म्हणजे बग नव्हे

दुरुस्तीनंतर ट्रेस पाहिला तर पाचशे मिलिसेकंदांचा टायमर ५०० वर नेमका वाजताना दिसणार नाही. पाच-पंचवीस मिलिसेकंद उशिरा वाजेल. ते पाहून नवीन बग नोंदवू नका.

कर्नलचे साधे टायमर एका चक्रात ठेवलेले असतात. ही कल्पना जॉर्ज वर्गीस आणि टोनी लॉक यांच्या १९८७ च्या निबंधातली. वर्गीस हे पवईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी. हजारो टायमर असले तरी लावणं आणि काढणं झटपट व्हावं, ही त्यामागची गरज. २०१६ मध्ये ४.८ कर्नलमध्ये टॉमस ग्लाइक्सनर यांनी हे चक्र नव्यानं लिहिलं. जुन्या रचनेत दूरची मुदत जवळ येईल तसतसा टायमर खालच्या पातळीवर उतरवला जाई आणि त्याला बराच वेळ जाई. नव्या रचनेत तो उतरवतच नाहीत. त्याऐवजी मुदत जितकी लांबची तितका तिचा कप्पा जाड. एचझेड २५० असताना २५५ मिलिसेकंदांपर्यंत कप्पा ४ मिलिसेकंदांचा, त्यापुढे २,०४७ पर्यंत ३२ मिलिसेकंदांचा. आपला पाचशेचा टायमर या दुसऱ्या कप्प्यात पडतो. लवकर तो वाजणार नाही, पण उशीर होईल, आणि तो ३२ मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतो. अशा जाड कप्प्यांत उशिराची कमाल मर्यादा मुदतीच्या साडेबारा टक्के.

हे जाणूनबुजून केलं आहे, कारण असल्या टायमरांपैकी बहुतेक वाजण्यासाठी लावलेलेच नसतात. नेटवर्कचं उत्तर येतं, डिस्कचं काम होतं आणि टायमर वाजण्याआधीच रद्द होतो. ज्यांना खरंच नेमकेपणा हवा त्यांच्यासाठी २००६ पासून, म्हणजे २.६.१६ पासून, एचआरटायमर आहेत आणि ते नॅनोसेकंदांत बोलतात. ऑडिओ, मोटर नियंत्रण किंवा ठरावीक रुंदीची पल्स असेल तर तिकडे जा. अर्ध्या सेकंदाला तापमान वाचायला एचआरटायमर लावणं म्हणजे उगाच सीपीयूला झोपेतून उठवणं.

दिवसांचे आकडे पाठ असू द्या

‘मशीन चांगलं चाललं होतं, मग एक दिवस अचानक’ अशी तक्रार आली की किती दिवस चालू होतं ते पहिलं विचारा. काही आकडे डोळ्यांत बसलेले असले की उत्तर ऐकताक्षणी शंका येते. ३२-बिट गणक मिलिसेकंद मोजत असेल तर ४९.७ दिवसांत भरतो. विंडोज ९५ आणि ९८ मधला सुप्रसिद्ध बग नेमका इतक्याच दिवसांनी मशीन अडकवायचा. शंभर ठोक्यांच्या जुन्या लिनक्सवर हीच मर्यादा ४९७ दिवस, २५० ठोक्यांवर १९८.८. चिन्हासह मोजणारा गणक निम्म्यातच उलटतो : २४.८ किंवा २४८.५ दिवस. २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशननं बोइंग ७८७ च्या मालकांना आदेश काढला, की विमान सलग २४८ दिवस विजेवर राहिलं तर जनरेटर नियंत्रकांमधला गणक भरून वीज जाऊ शकते, तेव्हा मध्येच पुरवठा बंद करून चालू करा. शतांश सेकंदांत मोजणारा ३२-बिट चिन्हांकित गणक धरून भागाकार करून बघा. आणि २०८.५ दिवस ऐकलात तर एक्स८६ च्या जुन्या कर्नलमधल्या शेड्यूलरच्या घड्याळाकडे बघा. तिथे नॅनोसेकंदांचा गुणाकार ६४ बिटांतही मावत नव्हता. ती दुरुस्ती २०११ च्या अखेरीची.

गणक उलटतो ही चूक नव्हे, तो उलटणारच. चूक असते तुलनेत. ‘जिफीज मुदतीपेक्षा मोठा झाला का’ असं सरळ ‘मोठा’ चिन्हानं विचारलं की गणक उलटल्यावर उत्तर उलटं मिळतं. पाऊण वाजता निघालेली एसटी सव्वाला पोहोचली तर बारापेक्षा एक लहान म्हणून ती निघण्याआधीच पोहोचली असं कोणी म्हणत नाही. आपण दोन वेळांमधलं अंतर बघतो. टाइम_आफ्टर आणि टाइम_बिफोर हे मॅक्रो तेच करतात. ते दोन किमतींची वजाबाकी करतात आणि तिचं चिन्ह तपासतात. जिफीज शब्द असलेल्या ओळींत थेट ‘लहान’ किंवा ‘मोठा’ चिन्ह ग्रेपनं शोधा. जुन्या, कंपनीच्या आतच राहिलेल्या ड्रायव्हरांत अशा ओळी हमखास सापडतात. जिफीजची किंमत साध्या इंटमध्ये साठवलेली सापडली तर तीही याच रोगाची, आणि ती ६४-बिट मशीनवरही चावते.

हे मॅक्रो वापरले की काम झालं, असं मात्र नाही. अंतर गणकाच्या निम्म्यापेक्षा कमी असेल तोवरच त्यांचं उत्तर खरं. एचझेड १००० आणि ३२ बिट असताना हे निम्मं २४.८ दिवसांचं. ‘शेवटचं पॅकेट कधी आलं’ अशी नोंद ठेवली, महिनाभर पॅकेट आलंच नाही आणि मग टाइम_आफ्टरनं विचारलं की तीस सेकंद उलटले का, तर उत्तर ‘नाही’ येऊ शकतं. अशा नोंदी जिफीजमध्ये ठेवू नका, केटाइममध्ये ठेवा. गेट_जिफीज_६४ हाही पर्याय आहे. ३२-बिट मशीनवर ६४-बिट चल थेट वाचू नका. ते वाचन दोन तुकड्यांत होतं आणि मधल्या क्षणी गणक पुढे जाऊ शकतो. ते फंक्शन याचीच काळजी घेतं.

भिंतीवरच्या घड्याळावर मुदत टांगू नका

१ जुलै २०१२, भारतात पहाटेचे साडेपाच. जागतिक वेळेप्रमाणे ३० जूनच्या शेवटच्या मिनिटाला एक जादा सेकंद जोडला गेला आणि जगभरातल्या असंख्य लिनक्स सर्व्हरांचे सीपीयू शंभर टक्क्यांवर गेले. जावा आणि मायएसक्यूएल चालवणाऱ्या मशीनना सगळ्यात जास्त फटका बसला. मशीन कोसळली नव्हती, नेटवर्कही ठीक होतं. प्रोग्राम ‘थोडं थांब’ म्हणत होते आणि कर्नल थांबतच नव्हता.

कारण असं. जादा सेकंद घालताना कर्नलनं आपलं भिंतीवरचं घड्याळ एक सेकंद मागे घेतलं, पण एचआरटायमरच्या कोडला ते कळवलंच नाही. त्यांच्याकडे जुना फरकच राहिला, त्यामुळे त्यांच्या लेखी वेळ एक सेकंद पुढे होती. त्या घड्याळावर लावलेला प्रत्येक टायमर एक सेकंद लवकर वाजू लागला, आणि एका सेकंदापेक्षा कमी मुदतीचा तर लावताक्षणीच. प्रोग्राम उठायचा, काही काम नाही असं पाहायचा, पुन्हा झोपायला जायचा, पुन्हा उठायचा. उपाय म्हणून लोकांनी डेट कमांडनं आत्ताचीच वेळ पुन्हा बसवली आणि सर्व्हर शांत झाले. कारण वेळ बसवण्याच्या वाटेवर ‘घड्याळ बदललं’ हे सांगणारं फंक्शन बोलावलं जायचं. जादा सेकंदाच्या वाटेवर ते राहून गेलं होतं.

ही दुरुस्ती जॉन स्टल्ट्झ यांनी केली, आणि ती वाचण्यासारखी आहे, कारण सरळ उपाय तिथे चालत नव्हता. राहून गेलेलं फंक्शन त्या ठिकाणी बोलावलं की झालं, असं वाटतं. पण त्याला सगळ्या सीपीयूंना निरोप धाडावा लागतो आणि जादा सेकंद घातला जातो तो इंटरप्टच्या आत, जिथे हे करता येत नाही. म्हणून निरोप मागाहून पाठवणारं वेगळं फंक्शन लिहावं लागलं आणि प्रत्येक एचआरटायमर इंटरप्टला तो फरक नव्यानं वाचून घेण्याची सोय करावी लागली. टायमरचे बग सोडवताना हा अनुभव पुन्हा पुन्हा येतो. कारण सापडतं संध्याकाळी चहापर्यंत. दुरुस्ती कुठल्या संदर्भात चालवायची हे ठरवण्यात पुढचा आठवडा जातो.

तुमच्या ड्रायव्हरपुरता नियम साधा : अवधी आणि मुदती मोजायला केटाइम_गेट, म्हणजे मागे न सरकणारं घड्याळ. केटाइम_गेट_रिअल फक्त माणसांना किंवा दुसऱ्या मशीनला दाखवण्याच्या वेळेसाठी. एनटीपी, ॲडमिन आणि जादा सेकंद, तिघंही त्या दुसऱ्या घड्याळाला कधीही धक्का देऊ शकतात.

मालक गेला, टायमर उरला

आता सगळ्यात घातक प्रकार. मॉड्यूल काढलं, यूएसबी उपकरण उपसलं, मेमरी मोकळी केली आणि त्या मेमरीत बसलेला टायमर अजून चक्रात आहे. काही वेळानं तो वाजतो. क्रॅशच्या लॉगमध्ये नाव भलत्याच प्रोसेसचं असतं, कारण सॉफ्टआयआरक्यू त्या क्षणी जो चालू होता त्याच्या अंगावर येऊन चालतो. स्टॅकमध्ये तुमच्या ड्रायव्हरचं नावही नसतं. रन_टायमर_सॉफ्टआयआरक्यू आणि त्याखाली एक निरर्थक पत्ता. असा स्टॅक दिसला की त्या बिचाऱ्या प्रोसेसचा कोड वाचत बसू नका.

कर्नल पुन्हा बांधा आणि टायमरसाठीचं डिबग ऑब्जेक्ट्स आणि मेमरी मोकळी करतानाची तिची तपासणी चालू करा. जोडीला केसॅन, म्हणजे मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन. डिबग ऑब्जेक्ट्सचा मोठा उपकार असा, की टायमर वाजेपर्यंत वाट बघावी लागत नाही. जिवंत टायमर पोटात असलेली मेमरी मोकळी केल्याक्षणी इशारा येतो, आणि त्यात कॉलबॅकचं नाव असतं. मेमरी कोण मोकळी करतंय तेही स्टॅकमध्ये दिसतं. चोर जागेवरच.

दुरुस्ती करताना तीन पायऱ्या ओलांडाव्या लागतात, आणि प्रत्येक पायरीवर लोक घसरतात. नुसतं टायमर_डिलीट चक्रातून टायमर काढतं. दुसऱ्या सीपीयूवर कॉलबॅक त्या क्षणी चालू असेल तर त्याची वाट बघत नाही. म्हणून टायमर_डिलीट_सिंक, जे वाट बघतं. पण वाट बघताना तुमच्या हातात जे लॉक आहे तेच कॉलबॅकलाही हवं असेल तर दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. लॉकडेप चालू ठेवा, तो हे आधीच सांगतो. तिसरी घसरण सेन्सरच्या उदाहरणात थोडा बदल केला की होते : टायमर वर्कक्यूवर काम टाकतो आणि कॉलबॅकऐवजी ते काम टायमर पुन्हा लावतं. आधी टायमर काढला तर काम तो परत लावतं, आधी काम रद्द केलं तर टायमर ते परत टाकतो. कुठल्याही क्रमानं फट राहतेच. वर्षानुवर्षं ड्रायव्हरांनी यावर आपापले झेंडे, म्हणजे ‘आता बंद होतोय’ सांगणारी चलं, लावून काम भागवलं. २०२३ च्या ६.२ कर्नलपासून टायमर_शटडाउन_सिंक आहे. ते टायमर थांबवतं आणि कायमचा निकामी करतं. त्यानंतर कोणी मॉड_टायमर बोलावलं तरी ते निमूटपणे दुर्लक्षिलं जातं. उपकरण काढण्याच्या वाटेवर आता हेच वापरा. क्रम असा : आधी टायमर शटडाउन, मग काम रद्द, मग मेमरी मोकळी. झोपेत जाताना, म्हणजे सस्पेंडच्या वाटेवर, मात्र शटडाउन नको. तिथे टायमर परत लावायचा असतो.

हार्डवेअरवर आळ घेण्याआधी

कधी कधी टायमर खरंच निर्दोष नसतो. जुन्या मशीनवर एक ओळखीचं लक्षण असायचं : कीबोर्डची कळ दाबत राहिल्याशिवाय बूट पुढेच सरकत नाही. कळ दाबली की इंटरप्ट येतो, सीपीयू जागा होतो आणि राहिलेले टायमर उरकून घेतो. म्हणजेच टायमरचा स्वतःचा इंटरप्ट पोहोचत नाही. सीपीयू गाढ झोपेत गेला की त्याचा स्थानिक टायमरही थांबतो, हे त्यामागचं नेहमीचं कारण. बूटच्या ओळीत नोएचझेड बंद करून, मग हायरेस बंद करून, मग क्लॉकसोर्स बदलून पाहा, एका वेळी एकच. लॉगमध्ये टीएससी, म्हणजे एक्स८६ सीपीयूमधला गणक, अस्थिर ठरवल्याची ओळ आहे का तेही बघा. यातल्या कशानंच फरक पडत नसेल तर आळ मागे घ्या आणि आपल्या कोडकडे परता. बहुतेकदा तसंच होतं.

दुरुस्ती झाली हे कशावरून?

बग दिसेनासा झाला म्हणजे दुरुस्त झाला असं नव्हे. टायमरच्या बाबतीत तर मुळीच नव्हे. तोच कोड एचझेड १०० आणि एचझेड १००० अशा दोन कर्नलवर चालवा. वागणं बदललं तर कुठेतरी मिलिसेकंद आणि ठोके यांची सरमिसळ अजून शिल्लक आहे. क्यूएमूमध्ये ३२-बिट कर्नल बांधून बूटनंतर पाचव्या मिनिटाची सीमा ओलांडू द्या. थांबायचा कंटाळा असेल तर जिफीजची सुरुवातीची किंमत चाचणीपुरती उणे तीस सेकंदांवर आणा. कर्नलच्या सेल्फटेस्टमध्ये टायमरांचं वेगळं फोल्डर आहे. २०१२ नंतर स्टल्ट्झ यांनी लिहिलेली, हवा तेव्हा जादा सेकंद घालून बघणारी चाचणीही तिथेच आहे. मॉड्यूल घालण्या-काढण्याचं आवर्तन रात्रभर चालवा, डिबग ऑब्जेक्ट्स चालू ठेवून.

गिट बायसेक्ट करत असाल तर एक सावधगिरी. हजार कमिटांतून दोषी कमिट दहाएक फेऱ्यांत सापडतो, पण प्रत्येक फेरीचा निकाल बरोबर असेल तरच. दहा मिनिटांत एकदा दिसणारा बग पाच मिनिटांत दिसला नाही म्हणून ‘चांगला’ असा शिक्का मारलात, तर बायसेक्ट तुम्हाला आत्मविश्वासानं भलत्याच कमिटापाशी नेऊन सोडेल. आधी बग हुकमी दिसेल अशी सोय करा, मग बायसेक्ट.

पॅचच्या मजकुरात आधी लक्षण, मग कारण, मग हीच दुरुस्ती का. कारणाच्या परिच्छेदात गणित द्या : एचझेड किती, अपेक्षित ठोके किती, ट्रेसमध्ये दिसले किती. ‘टाइमआउट वाढवला, आता चालतंय’ एवढाच मजकूर असेल तर मेंटेनरनं तो परत पाठवणं योग्यच आहे. चूक ज्या कमिटनं आली त्याचा हॅश पहिल्या बारा अक्षरांसह ‘फिक्सेस’च्या ओळीत द्या. जुन्या स्थिर शाखांवर पॅच जाणार असेल तर नावं तपासा. टायमर_डिलीट_सिंकचं जुनं नाव डेल_टायमर_सिंक. नवं नाव ६.२ मध्ये आलं आणि जुनं ६.१५ मध्ये काढून टाकलं गेलं. ४.१४ च्या आधीच्या कर्नलमध्ये तर टायमर_सेटअपवर आधारलेला कॉलबॅकही नव्हता. तिथे कॉलबॅकला टायमरऐवजी एक अनसाइन्ड लाँग मिळायचा. तेवढ्या मागे जायचं असेल तर तो पॅच हातानं लिहा आणि त्याच कर्नलवर, त्याच बोर्डावर पुन्हा ट्रेस घ्या.